लाईट आली, नेटही आलं, पण किचनात चिठ्ठी येईना

मालवण-तारकर्ली पट्ट्यात खानावळी, होमस्टे, आंब्याची पॅकिंग शेड अशा ठिकाणची नेटवर्कची कामं मी करतो. पावसाळा सुरू झाला की एक फोन ठरलेला. मागच्या श्रावणातल्या एका शनिवारी दुपारी एकला तो असा आला: "भावजी, नेट आसा. पोरगो मोबाईलार व्हिडिओ बघता. पण किचनात चिठ्ठी येना नाय. कंपनीक तीनदा फोन केलंय, ते म्हणतत लाईन बरोबर आसा."

मी एवढंच विचारलं, "वैनी, लाईट गेली होती काय?"

"गेली, आयली. पंधरा मिन्टां झाली."

काउंटरवर ऑर्डर टाईप केली की आतल्या थर्मल प्रिंटरवर केओटी, म्हणजे किचनसाठीची ऑर्डरची पावती, निघते, तीच ही चिठ्ठी. ती थांबली की वेटर तोंडी ऑर्डर ओरडतात, सुरमईच्या थाळीच्या जागी बांगड्याची थाळी जाते आणि बिलात तिसरंच काहीतरी येतं. शनिवारी दुपारी एकला मुंबई-पुण्याच्या गाड्या दारात लागलेल्या असताना हे कोणालाच परवडणारं नाही.

महिन्यात चार वेळा हेच घडलेलं. प्रत्येक वेळी कोणीतरी सगळ्या पिना काढून परत लावायचं आणि दोनदा-तीनदा केल्यावर कधीतरी चालू व्हायचं. 'कधीतरी चालू होतं' हीच या दुखण्याची खूण. वायर तुटली असती तर ती आपोआप जुळली नसती. लाईट गेल्या-आल्यावर बिघडणारं आणि बंद-चालू केल्यावर कधी सुधारणारं, कधी न सुधारणारं दुखणं बहुतेक वेळा यंत्रांच्या नेटवर्कवरच्या पत्त्यांचं असतं. बाहेरून येणाऱ्या लाईनचा त्यात काही संबंध नसतो, म्हणून कंपनीवाले "लाईन बरोबर आहे" म्हणतात तेव्हा ते खरंच बोलत असतात.

आधी लाईनचं दोन मिनिटांत उरकून टाका

फायबरच्या बॉक्सवर 'लॉस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही. कुठेतरी फांदी पडली असेल, नाहीतर बॉक्सच्या मागची पिवळी बारीक वायर कोणीतरी कपाटाने चेपली असेल. तेव्हा कंपनीलाच फोन. 'पॉन'चा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर लाईन आलेली आहे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसत असेल तर तोही आकडा बघून ठेवा. उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली गेला असेल तर लाईन काठावर चालली आहे, हे कंपनीला आकड्यासकट सांगा. आकडा सांगितला की समोरचा माणूस जरा सरळ बोलतो.

आणि पैसे आल्याचं ओरडून सांगणारा तो साउंडबॉक्स. त्यात बहुधा स्वतःचं सिमकार्ड असतं. तो उशिरा बोलतो म्हणून वायफायला शिव्या घालू नका, रेंज असलेल्या खिडकीजवळ त्याला ठेवून बघा.

नेमकं काय घडतं

दुकानातल्या प्रत्येक यंत्राला, म्हणजे कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, मोबाईल यांना नेटवर्कवर एक आयपी पत्ता लागतो. १९२.१६८.१.१०३ असा काहीतरी. तो वाटण्याचं काम राउटर करतो, त्या कामाला डीएचसीपी म्हणतात. यंत्र चालू झालं की हाक मारतं, "मला पत्ता द्या", आणि सहसा जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेऊन मोकळं होतं. उत्तर देणारा खरा मालक आहे की उपरा, हे ते विचारत नाही.

वैनींच्या खानावळीत काउंटरमागे कंपनीचा बॉक्स होता, तोच राउटर. वर चार खोल्या. आपली घरं चिऱ्याची, भिंती जाड, त्यात स्लॅब. वर वायफाय पोचेना, म्हणून गणपतीला आलेल्या भाच्याने मुंबईहून एक जुना राउटर आणून जिन्यावर लावला आणि खालून वायर टाकून जोडला. पाहुणे खूश. पण त्या राउटरचं पत्ते वाटणं चालूच राहिलं होतं. एका वाडीला दोन ग्रामपंचायती घर नंबर द्यायला लागल्या तर जे होईल तेच इथे झालं.

एरवी हे महिनोन्महिने लपून राहतं, कारण सगळ्यांनी आपापला पत्ता आधीच घेतलेला असतो. लाईट गेली की गाडी घसरते. तिथे इन्व्हर्टर होता, पण पंखे आणि दिव्यांसाठी. बॉक्स, जिन्यावरचा राउटर आणि किचनमधला प्रिंटर सगळे साध्या प्लगवर. लाईट आल्यावर मी घड्याळ लावून बघितलं: जिन्यावरचा राउटर पाऊण मिनिटात तयार, कंपनीच्या बॉक्सला जवळजवळ तीन मिनिटं. प्रिंटर तर पाच सेकंदांत जागा होऊन हाका मारायला लागतो. साहजिकच त्याला उत्तर मिळालं जिन्यावरून: १९२.१६८.०.१०३. काउंटरचा कॉम्प्युटर स्वतःच्या यूपीएसवर होता, तो आपला जुना १९२.१६८.१ वाला पत्ता धरून बसलेला. तिसरा आकडा एकाचा ०, दुसऱ्याचा १. वायर तीच, पण दोघांची गाठ पडणार नाही. पोराच्या मोबाईलला मात्र पत्ता बॉक्सकडून मिळालेला, म्हणून व्हिडिओ धडाक्यात.

हे ओळखायचं कसं

प्रिंटर बंद करा. कागदाची पट्टी पुढे सरकवायचं 'फीड'चं बटण दाबून धरा आणि धरूनच प्रिंटर चालू करा. बहुतेक थर्मल प्रिंटर स्वतःची माहिती छापून देतात. त्या वीतभर पट्टीवर शेवटी आयपी पत्ता, गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता) आणि मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक) असतो. वैनींनी ती पट्टी हातात घेऊन "ह्या कसला बिल?" असं विचारलं होतं. ती पट्टी फाडून टाकू नका, पुढे लागते.

मग कॉम्प्युटरवर विंडोजची काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाईप करा. तिथे कॉम्प्युटरचा पत्ता आणि डिफॉल्ट गेटवे दिसतो. पट्टीवरचा पत्ता आणि हा पत्ता शेजारी ठेवा.

पहिले तीन आकडे जुळत नसतील आणि दोन्हींचे गेटवे वेगळे असतील तर घरात दोन वाढपी आहेत. दुसरा राउटर शोधा. कधी तो टीव्हीच्या मागे सापडतो, कधी कॅमेरेवाल्याने लावलेला माळ्यावर.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या यंत्राने हाक मारली आणि कोणीच उत्तर दिलं नाही. वायर सैल, नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा स्विच बंद, नाहीतर बॉक्स जागा व्हायच्या आत यंत्र थकून गप्प बसलं. बॉक्स पूर्ण चालू झाल्यावर फक्त ते यंत्र बंद-चालू करा. पट्टीवर १९२.१६८.१२३.१०० असा पत्ता दिसला तर बऱ्याच स्वस्त थर्मल प्रिंटरना कारखान्यातून येणारा तो पत्ता आहे, म्हणजे कोणी तो बदललेलाच नाही किंवा रीसेट झाला.

आणि पहिले तीन आकडे जुळतात, चौथा मात्र बदललाय, असंही होतं. प्रिंटर काल १०३ होता, आज १०७. बिलिंगचं सॉफ्टवेअर अजून १०३ च्या दारात उभं.

देवगडची गंमत

चौथा प्रकार जास्त चकवतो. देवगडच्या एका शेडमध्ये आंब्याच्या पेट्यांवर लावायच्या कुरिअर लेबलांचा प्रिंटर सकाळी व्यवस्थित चालायचा आणि दहा-साडेदहाला बंद पडायचा. एप्रिलभर रोज. मालकांनी प्रिंटर बदलला, तरी तेच.

तिथे कोणीतरी प्रिंटरला हाताने १९२.१६८.१.१०५ हा पत्ता देऊन ठेवला होता. हाताने पत्ता देणं चांगलंच, पण राउटर १०० ते २०० मधलेच पत्ते वाटत होता, आणि प्रिंटरला १०५ आधीच दिलेला आहे हे त्याला माहीतच नव्हतं. प्रिंटर रात्री बंद असायचा. सकाळी माणसं कामावर यायची, मोबाईल वायफायला जोडले जायचे आणि त्यातल्या एकाला १०५ मिळायचा. एका घर नंबरावर दोन बिऱ्हाडं.

पकडायची युक्ती साधी आहे. प्रिंटरची नेटवर्कची वायर काढून टाका. आता काळ्या खिडकीत पिंग (ping), जागा, आणि प्रिंटरचा पत्ता टाका. प्रिंटरची वायर तर काढलेली आहे, म्हणजे उत्तर यायला नको. आलं, तर त्या पत्त्यावर दुसरंच कोणीतरी राहतंय. तिथे उत्तर आलं, तेव्हा मालकांनी मान वळवून शेडमधल्या प्रत्येकाच्या खिशाकडे बघितलं. बिचाऱ्या पोरांचा काही दोष नव्हता.

दुरुस्ती

दुसरा राउटर काढून फेकायची गरज नाही. त्याच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेस पॉइंट मोड', म्हणजे पत्ते न वाटता फक्त वायफाय द्यायचा पर्याय, असेल तर तो निवडा आणि कंपनीच्या बॉक्सकडून येणारी वायर लावा, काम झालं. तो पर्याय नसेल तर हाताने: त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरच्या रांगेतला पण वेगळा द्या, म्हणजे मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर ह्याला १९२.१६८.१.२, आणि खालून येणारी वायर 'वॅन' लिहिलेल्या भोकात न लावता 'लॅन'च्या एका भोकात लावा. हा क्रम मोडू नका. आधी पत्ता बदलून मग डीएचसीपी बंद करायला गेलात की मधल्या वेळात गोंधळ वाढतो. आणि वायफायचं चॅनल खालच्या राउटरपेक्षा वेगळं ठेवा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हीच चॅनलं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

मग पत्ते बांधून टाका. मुख्य राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' असतं. प्रिंटरचा मॅक पत्ता, जो त्या पट्टीवर आहे, तिथे टाकून त्याला कायमचा एक पत्ता नेमून द्या. राउटर ते करू देत नसेल तर वाटपाची रांग १०० ते २०० ठेवा आणि यंत्रांना १०० च्या खालचे पत्ते हाताने द्या. माझी सवय अशी की प्रिंटर १० पासून, कॉम्प्युटर २० पासून, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर ५०. सगळे पत्ते एका कागदावर लिहून, वर सेलोटेप मारून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवतो. टेप न मारता चिकटवलेला कागद आपल्या हवेत एका पावसाळ्यात लगदा होतो.

विंडोजमध्येही एक जागा तपासा. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स' उघडा. तिथे 'डब्ल्यूएसडी' नावाचा पोर्ट असेल तर तो विंडोजने स्वतःच शोधून लावलेला आहे, आणि लाईट गेली-आली की 'ऑफलाइन' दाखवायची खोड त्याला फार. त्याऐवजी 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' जोडा, नेमून दिलेला पत्ता टाका, पोर्ट क्रमांक ९१००. तिथेच 'एसएनएमपी स्टेटस' ची खूण असते, ती काढून टाका. प्रिंटर चालू असूनही ऑफलाइन दिसणं बऱ्याचदा एवढ्यानेच थांबतं.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर दोन कॉम्प्युटरवर चालवणाऱ्यांना आणखी एक चिमटा बसतो. सावंतवाडीकडच्या एका काजू कारखान्यात ऑफिसमधला कॉम्प्युटर गोदामातल्याला दिसेनासा झाला. परराज्यात ५० हजारांवरचा माल पाठवायचा तर ई-वे बिल लागतं, ट्रक भरून उभा, आणि त्या मालाचं बिल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. दोघांचे पत्ते एकाच रांगेतले होते. पण वीज पडून कंपनीचा बॉक्स जळल्यावर नवा बॉक्स आला होता, त्यामुळे विंडोजला वाटलं की हे नवीनच नेटवर्क आहे. त्याने ते 'पब्लिक' ठरवलं आणि शेअरिंगची दारं लावून घेतली. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते 'प्रायव्हेट' केलं, ट्रक सुटला.

बॉक्स बदलला की सगळं पहिल्यापासून

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा आपल्याकडे बॉक्स जळणं नवीन नाही. नवा बॉक्स आला की तुम्ही बांधलेले पत्ते गेले. कंपनी बदलली तर रांगच बदलते, काहींचा गेटवे १९२.१६८.२९.१ असतो. म्हणून चारपेक्षा जास्त यंत्रं असतील तर माझं स्पष्ट मत: स्वतःचा एक राउटर विकत घ्या. कंपनीच्या बॉक्समधून एक वायर त्याच्या 'वॅन'मध्ये, आणि दुकानातलं सगळं त्याच्या मागे, त्याच्या स्वतःच्या रांगेत, समजा १९२.१६८.५०. बाहेरचा बॉक्स वर्षातून तीनदा बदलला तरी आतल्या प्रिंटरला त्याची गंधवार्ताही लागणार नाही. फक्त कंपनीच्या बॉक्सचं वायफाय बंद करा, नाहीतर कोणीतरी सवयीने त्यालाच जोडून घेईल आणि पुन्हा दोन घरं.

पाहुण्यांसाठी त्या राउटरवर 'गेस्ट नेटवर्क' उघडा. हा चोचला नाही. खाडीकाठच्या कित्येक वाड्यांत मोबाईलला रेंज नसते, गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करायलाच वायफायचा पासवर्ड मागतं. तो द्यावाच लागतो, पण त्या मोबाईलांनी बिलाच्या प्रिंटरच्या रांगेत बसायची गरज नाही. पत्ता किती वेळ राखून ठेवायचा, तो 'लीज टाइम' सहसा २४ तासांचा असतो. थर्टी फर्स्टच्या गर्दीत गेलेल्या पाहुण्यांचे पत्ते अडकून राहतात, म्हणून गेस्टसाठी राउटर वेगळा लीज टाइम ठेवू देत असेल तर तो दोन तासांवर आणा.

लाईटचं काय

लाईट जायची थांबणार नाही. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतर काही गावांत कित्येक दिवस अंधार होता, एरवीही जूनमध्ये एक फांदी पुरते. तेव्हा बॉक्स, राउटर आणि स्विच हे तिघे एका छोट्या डीसी यूपीएसवर घ्या. घेण्याआधी प्रत्येकाच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बॉक्स आणि राउटर बहुधा १२ व्होल्टचे असतात, पण छोटा स्विच ५ किंवा ९ व्होल्टचा असू शकतो. त्याला १२ ची पिन घातली की वास येतो आणि संपलं. मी एकदा घातली आहे.

इन्व्हर्टरवर घ्यायचं असेल तर मागचं बटण 'यूपीएस मोड'वर ठेवा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जाताना जो क्षणभर खंड पडतो त्यात पंख्याला काही कळत नाही, राउटर मात्र पुन्हा सुरू होतो. तोटा असा की आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, आणि यूपीएस मोडमध्ये ते साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर पळतो. बॅटरी लवकर उतरते. व्होल्टेज फार पडत असेल तर डीसी यूपीएसच बरा.

वायरबद्दल एकच. स्वस्त वायरमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. ब्लेडने खरवडून बघा, आत चंदेरी निघालं तर ती खारी हवा सोसणार नाही. पिना हिरव्या पडलेल्या असतील तर पुसत बसू नका, कापून नव्या मारा. आणि घरापासून बागेतल्या कॉटेजपर्यंत उघड्यावरून तांब्याची वायर नेऊ नका. वीज पडली की दोन्ही टोकांची यंत्रं जातात. तेवढा पट्टा फायबरने करा.

वैनींकडे जिन्यावरचा राउटर अजून तिथेच आहे, त्याचं पत्ते वाटणं बंद आहे. भाचा यंदाही गणपतीला येणार आहे. येताना कॅमेरा आणतोय म्हणे, वायफायचा. वैनींना सांगून ठेवलंय की जोडायच्या आधी प्रिंटरची ती पट्टी काढा, जोडल्यावर परत काढा, आणि दोन्हींचा फोटो मला पाठवा.